न्यूझीलंडच्या जंगलातली निळी अळंबी: नोटेवरचीच आहे हे कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: एप्रिलमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्याच्या ओल्या जंगलात फिरताना तुम्हाला गर्द निळ्या छोट्या छत्र्या दिसल्या. तुम्ही तीन फोटो काढलेत. पहिल्या दोनांत ‘मोठी’ आणि तिसऱ्यात ‘तिचं पिल्लू’ आहे, असं लिहिलंय. ही पन्नास डॉलरच्या नोटेवरची दुर्मिळ अळंबीच का, सहा वर्षांच्या मुलीने तिला बोट लावलं त्याने काही होईल का, आणि ती भारतातही सापडते असं कुणी सांगितलं ते खरं का?

मुलीचं आधी सांगते. अळंबीचं विष सहसा पोटात गेल्याशिवाय बाधत नाही. बोट लावलं, हुंगलं, तळहातावर घेतलं तरी काही होत नाही. हात धुतले की विषय संपला. खाण्याच्या बाबतीत मात्र उत्तर वेगळं आहे. ही अळंबी विषारी आहे की नाही हे कुणी नीट तपासलेलंच नाही, आणि ती ज्या एन्टोलोमा वंशातली आहे त्यात युरोपातल्या एन्टोलोमा सायन्युएटमसारखे पोटाची पार दैना करणारे भाऊबंद आहेत. निळी म्हणून विषारी असं नाही, पण तोंडात घालायचं कारणही नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात: पहिले दोन फोटो जवळजवळ नक्की त्याच अळंबीचे आहेत. तिसरा नाही. तिसऱ्यातलं पिल्लू वगैरे नाही, ती पूर्ण वाढलेली, वेगळ्याच घराण्यातली दुसरी अळंबी आहे. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते, कारण नेमकी हीच गल्लत मी दर वर्षी पाहते आणि एकदा स्वतःही केली आहे.

तुम्ही विचारताय “ही तीच का?”, पण त्याच्या मागे एक गृहीतक दडलंय: एवढी निळी म्हणजे दुसरी कोणती असणार? अळंब्यांत निळा रंग खरंच कमी दिसतो, त्यामुळे तो दिसला की डोळा बाकी सगळं बघायचं सोडून देतो. मी या जंगलांत बुरशींच्या नोंदी करायला लागले त्याला सोळा वर्षं झाली. या काळात माझ्याकडे ओळखीसाठी आलेले निळ्या अळंबीचे बहुतेक फोटो वरून काढलेले आहेत: मधोमध निळी टिकली, भोवती शेवाळ. सुंदर असतात, पण ओळखीच्या दृष्टीने पाठमोऱ्या माणसाचा फोटो देऊन नाव विचारण्यासारखं आहे ते. अळंबीची ओळख टोपीखाली आणि देठाच्या बुडाशी असते.

आता नाव. शास्त्रीय नाव एन्टोलोमा हॉख्स्टेटरी. फर्डिनांड फॉन हॉख्स्टेटर हा भूगर्भशास्त्रज्ञ ऑस्ट्रियाच्या ‘नोव्हारा’ जहाजावरून १८५८च्या अखेरीस न्यूझीलंडला पोहोचला, त्याच्या नावावरून हे आलं. वर्णन १८६६ मध्ये राइखार्ट या वनस्पतीशास्त्रज्ञाने केलं, तेही दुसऱ्याच वंशात. एन्टोलोमामध्ये तिला न्यूझीलंडच्या बुरशीतज्ज्ञ ग्रेटा स्टीव्हनसन यांनी १९६२ मध्ये आणलं. माओरी नाव मला जास्त आवडतं: वेरेवेरे-कोकाको. कोकाको हा राखाडी रंगाचा जंगलपक्षी, त्याच्या चोचीच्या मुळाशी दोन्हीकडे निळे मांसल लोलक लोंबतात. माओरींपैकी तूहोए लोकांची गोष्ट आहे की पक्ष्याने या अळंबीवर गाल घासले आणि ते निळे झाले. नोटेवरही हे दोघे एकत्रच आहेत. गंमत म्हणजे निळे लोलक उत्तर बेटावरच्या कोकाकोचे. तुम्ही गेलात त्या दक्षिण बेटावरच्या कोकाकोचे लोलक नारिंगी होते आणि तो पक्षी बहुधा आता उरलेलाच नाही. अळंबी मात्र दोन्ही बेटांवर आहे.

ती दिसते कशी? टोपी जास्तीत जास्त चार सेंटिमीटर, बहुतेक वेळा त्याहून लहान, आणि आकार शंकूसारखा. मोठेपणी थोडी पसरली तरी मधला उंचवटा राहतो. रंग नीळ पडलेल्या पाण्यासारखा, त्यात किंचित हिरव्याची झाक. जवळून, म्हणजे खरंच गुडघे टेकून पाहिलं, तर टोपीचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. मधल्या टोकापासून कडेकडे जाणारे बारीक रेशमी तंतू दिसतात, जणू कुणी ओल्या कुंचल्याने रेघा ओढल्यात. कडेला बारीक चुण्या असतात आणि ती आत वळलेली असते. देठ पाच सेंटिमीटरपर्यंत, पेन्सिलीपेक्षा बारीक, त्याच रंगाचा आणि तसाच तंतुमय. पांढरा नाही, पारदर्शकही नाही. देठाचा रंग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग टोपीच्या खालची बाजू, म्हणजे पात्या. कोवळ्या अळंबीच्या पात्या टोपीसारख्याच निळसर असतात, कधी त्यांत पिवळसर छटा मिसळलेली. बीजाणू पिकायला लागले की त्यांच्यावर हळूहळू गुलाबी धूळ चढते. निळ्यावर गुलाबी बसल्यावर जो विचित्र, मळकट जांभळा-लालसर रंग होतो तो एकदा पाहिलात की विसरणार नाही. ही धूळ एन्टोलोमा वंशाची सही आहे. या वंशात सुमारे हजार प्रजाती आहेत; रंग, आकार, उंची सगळं वेगवेगळं, पण बीजाणू सगळ्यांचे गुलाबीच. मायसीना, ग्लायोफोरस वगैरे ज्या इतर रंगीत छोट्या अळंब्या लोकांना फसवतात त्यांचे बीजाणू पांढरे.

इथे एक ‘पण’ आहे. अळंबी अगदी ताजी, कालच उगवलेली असेल तर गुलाबी काहीच दिसणार नाही, आणि ते दिसलं नाही म्हणून ती एन्टोलोमा नाही असं म्हणता येणार नाही. म्हणून एकच अळंबी पाहून थांबू नका. आसपास बघा, तिथेच एखादी म्हातारी, कडा फाटलेली, रंग उडालेली सापडते. लोक तिचा फोटो काढत नाहीत कारण ती देखणी नसते. मला विचाराल तर ओळखीसाठी तीच सगळ्यात कामाची.

न तोडता टोपीखाली बघायचं कसं? पूर्वी मी दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा खिशात ठेवायची. आता मोबाइल पुरतो. सेल्फीचा कॅमेरा चालू करून फोन उताणा, पडदा वर करून, अळंबीच्या बुडाशी शेवाळावर अलगद सरकवायचा आणि तीन सेकंदांचा टायमर लावायचा. पडद्याचा उजेडच पात्यांवर पडतो. पहिले दोन-तीन फोटो अस्पष्ट येतील, भिंगावर थेंब पडेल, पण एक तरी नीट येतो. फोनखाली एक साधी प्लास्टिकची पिशवी ठेवा, म्हणजे तो भिजणार नाही. तुमच्या पहिल्या दोन फोटोंत हीच बाजू नाही आणि ‘जवळजवळ नक्की’ मधला ‘जवळजवळ’ त्याच्यामुळे आहे.

दुसरी खूण बुडाशी. वेरेवेरे-कोकाको जमिनीवर उगवते: रिमूसारखे सूचिपर्णी वृक्ष आणि त्यांच्याखाली रुंद पानांची झाडं अशा मिश्र जंगलात, पालापाचोळ्यात, नेच्यांच्या मुळांशी, ओल्या शेवाळात. लाकडावर नाही. इथेही परिस्थिती बघावी लागते. त्या जंगलात जमीन कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं हेच कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी पडलेला ओंडका शेवाळाखाली इतका मुरलेला असतो की पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत जातो. त्यावर मातीचा थर साचतो आणि त्या थरात ‘जमिनीवरची’ अळंबी उगवू शकते. उलट, पाचोळ्याखाली गाडलेल्या काटकीवर उगवलेली ‘लाकडावरची’ अळंबी जमिनीतून आल्यासारखी दिसते. म्हणून नुसतं ‘शेवाळावर होती’ एवढं सांगून भागत नाही. बोटाने शेवाळ जरासं बाजूला करून देठ कशात घुसलाय ते बघा आणि शेवाळ परत जागच्या जागी सारा.

माझी चूक इथलीच. दुसऱ्या वर्षी मी एका कुजक्या फांदीवर पाच-सहा निळ्या टिकल्या पाहिल्या, आनंदाने वहीत ‘हॉख्स्टेटरी, कोवळ्या’ असं लिहिलं, चित्रही काढलं. संध्याकाळी एका अनुभवी बाईंनी वही बघितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “देठ फांदीला कसा चिकटला होता?” मी चित्रात प्रामाणिकपणे काढलेलं होतं: देठाच्या बुडाशी एक पांढरी, चपटी चकती, जशी भिंतीवर चिकटवायच्या हुकाला रबराची असते. मला ती दिसली होती, मी काढलीही होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. ती चकती म्हणजे मायसीना इंटरप्टा.

तुमच्या तिसऱ्या फोटोतही तीच आहे. तिची टोपी अर्ध्या सेंटिमीटरपासून जेमतेम दोन सेंटिमीटरपर्यंत. कोवळेपणी मण्यासारखी गोल, नंतर छत्रीसारखी, पण टोकदार शंकू कधीच नाही. रंग आकाशी, हॉख्स्टेटरीपेक्षा फिकट आणि झळाळणारा. हवा दमट असली की टोपी चिकट, चकचकीत दिसते. हॉख्स्टेटरीचे रेशमी तंतू इथे नसतात. देठ मात्र पांढरट, बारीक, अर्धपारदर्शक. तुमच्या फोटोत निळी टोपी आणि पांढरा देठ असा फरक स्पष्ट आहे, आणि फोटो मोठा करून बघितलात तर देठ लाकडाला टेकतो तिथे चकतीची पांढरी कडही दिसते. पात्या पांढऱ्या, कधी कडेला निळी किनार. ही प्रजाती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया आणि चिली इतक्या लांब लांब सापडते. हे सगळे भूभाग कधीकाळी गोंडवन या प्राचीन महाखंडात एकत्र होते, म्हणून बुरशी अभ्यासणाऱ्यांना तिचं वेगळं कौतुक आहे. तेव्हा तुम्हाला ‘पिल्लू’ मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नका, एका फेरीत दोन निळ्या मिळाल्या.

अळंबीचं ‘पिल्लू’ ही कल्पनाच जरा फसवी आहे. अळंबी वाढते म्हणजे आधी तयार झालेली घडी पाण्याने फुगून उलगडते. रंग, देठाची जात, बुडाची रचना लहानपणीही तीच असते. टोपीचा कोन बदलतो, कडा उघडतात, पात्यांवर धूळ चढते, रंग विटतो. पांढऱ्या देठाची मोठी होऊन निळ्या देठाची होत नाही.

बाकीच्या तोतयांबद्दल भराभर सांगते. क्लॅव्होगॅस्टर व्हायरेसेन्स ही निळसर पिशवीसारखी बुरशी आहे, तिची टोपी कधी उघडतच नाही. वरून बघितली तर न उमललेली हॉख्स्टेटरी वाटते, पण ती कुजक्या लाकडावर असते आणि कापली तर आत पात्यांऐवजी तपकिरी गर निघतो. न्यूझीलंडमध्ये अशा न उघडणाऱ्या पिशव्या बऱ्याच आहेत, जांभळ्याही, लालही. ग्लायोफोरस व्हिरिडिस हिरवी असते, पण पावसाळी उजेडात फोटोत निळसर येते. तिला हात लावला की बोटांना बुळबुळ लागते, तेवढ्यावर ती बाद होते.

खरी डोकेदुखी असते ती सख्ख्या नातेवाइकांची. एन्टोलोमाच्याच काही छोट्या प्रजाती काळपट निळ्या, शाईसारख्या असतात. त्यांच्याही पात्या गुलाबी होतात, त्यांचेही बीजाणू कोनदार. म्हणजे गुलाबी धूळ दिसली की बाहेरचे तोतये बाद होतात, घरातले नाही. घरातले वेगळे करायला रंगच लागतो: त्यांच्यात निळ्याखाली काळा-राखाडी असतो, हॉख्स्टेटरीत निळ्याखाली हिरवा. म्हणून मी रंग शेवटी बघा म्हणते, बघूच नका असं म्हणत नाही. आधी बूड, मग पात्या, मग रंग, हा क्रम ठेवला तर रंग फसवत नाही, मदतच करतो.

आणखी एक गोंधळ. काही जण ‘हात लावल्यावर निळी पडते’ अशा अळंब्यांबद्दल वाचतात आणि इथे जोडतात. निळी असणं आणि निळी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलोसायबी वंशातल्या अळंब्या तपकिरी-राखाडी असतात आणि दाबल्यावर निळ्या होतात. त्यांच्यातल्या नशिल्या द्रव्याचा हवेशी संयोग होऊन तो रंग येतो, आणि त्या जवळ बाळगणं न्यूझीलंडमध्ये गुन्हा आहे. हॉख्स्टेटरीचा निळा अझुलीन जातीच्या रंगद्रव्यांचा, मुळातलाच. तिच्यात नशा वगैरे काही शोधू नका.

रंगाचा विषय निघालाच आहे तर कॅमेऱ्याचंही सांगते. दाट झाडीखाली जो उजेड पोहोचतो तो पानांतून गाळून आलेला, हिरवट असतो. फोन तो आपल्या परीने ‘सुधारतो’ आणि प्रत्येक फोन वेगळा सुधारतो. तुमच्या पहिल्या फोटोत अळंबी मोरपंखी आलीय, दुसऱ्यात जवळजवळ जांभळी. अळंबी तीच, जागा तीच, फरक फोनचा. मी पांढऱ्या कार्डाचा एक तुकडा, व्हिजिटिंग कार्डाच्या मागची बाजू चालते, अळंबीशेजारी ठेवून एक फोटो काढते. नंतर बघताना कार्ड हिरवट दिसलं तर अळंबीचा रंगही तेवढाच हिरवट धरून दुरुस्त करता येतो. कार्डाच्या कडेला पेनाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या की मापही मिळतं. फ्लॅश मात्र नको. तंतू पुसले जातात आणि प्रत्येक टोपी ओली दिसते.

पक्की खात्री करायची तर बीजाणूंचा ठसा आणि सूक्ष्मदर्शक. तुम्ही काही तोडलं नाहीत हे बरंच केलंत. सार्वजनिक संवर्धन भूमीवरून असं काही गोळा करायला संवर्धन विभागाची परवानगी लागते. तरी प्रक्रिया सांगते, कारण ‘खात्री’ म्हणजे काय हे त्याशिवाय कळत नाही. टोपी देठापासून वेगळी करून पात्या खाली अशी काचपट्टीवर ठेवायची, वर पाण्याचा एक थेंब द्यायचा, वाटी पालथी घालून रात्रभर सोडायचं. सकाळी काचेवर पात्यांच्या रेघा उमटतात. एवढ्या छोट्या टोपीचा ठसा फारच पुसट येतो. नुसता बघून “पांढराच आहे की” असं म्हणून पुष्कळ जण चुकतात. ब्लेडच्या कडेने ती धूळ खरवडून एका ढिगात आणायची. मोहरीच्या दाण्याएवढा ढीग झाला की गुलाबी, किंचित विटकरीकडे झुकणारा रंग दिसतो.

मग चारशे पटीत मोठं करून बघायचं. बहुतेक अळंब्यांचे बीजाणू तांदळाच्या दाण्यासारखे लांबट गोल दिसतात. हॉख्स्टेटरीचे कोनदार, चार टोकांचे. मापं साधारण १० ते १३ मायक्रॉन, म्हणजे बारीकशा केसाच्या जाडीतही चार-पाच शेजारी बसतील. एखादा बीजाणू अगदी चौकोनी दिसतो, शेजारचा त्रिकोणी, तिसरा पतंगासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं दोन-तीन प्रकार मिसळलेत. तसं नसतं. टेबलावर फासे टाकले की प्रत्येक फासा वेगळ्या बाजूवर पडतो, तसं आहे. फोकसची चकती हळूहळू पुढे-मागे फिरवली की एकाच बीजाणूच्या कडा वर येतात, खाली जातात आणि तो सपाट चौकोन नसून चार टोकांची भरीव आकृती आहे हे लक्षात येतं. मला आजही हे बघायला कंटाळा येत नाही.

आता भारताचं. ऐकलंत ते निराधार नाही: भारतातून या नावाने १९८९ मध्ये नोंद झालेली आहे. पण ‘या नावाने’ या शब्दांत मेख आहे. जपानच्या बोनिन बेटांवरून एन्टोलोमा व्हायरेसेन्स नावाची निळी अळंबी फार पूर्वी वर्णिली गेली होती, आणि जपानमध्येच एन्टोलोमा एरुजिनोसम ही आणखी एक. १९७६ मध्ये एगोन होराक या एन्टोलोमाच्या मोठ्या जाणकाराने मांडलं की न्यूझीलंडची आणि जपानची या सगळ्या एकच. १९९० मध्ये जपानच्या त्सुगुओ होंगो यांनी हॉख्स्टेटरी आणि एरुजिनोसम शेजारी ठेवून तपासल्या आणि बीजाणूंचं माप व पात्यांवरच्या विशिष्ट पेशींचा आकार जुळत नाही, म्हणून या वेगळ्या, असं ठरवलं. २००८ मध्ये होराकनेही हॉख्स्टेटरी ही व्हायरेसेन्सपेक्षा वेगळी प्रजाती मानली आणि सोबत हेही नोंदवलं की निळी टोपी, गुलाबी बीजाणू असलेल्या आणखी कितीतरी अळंब्या मिळाल्या आहेत, त्यांचं आपसातलं नातं स्पष्ट नाही.

म्हणजे भारतातली नोंद झाली तेव्हा या नावाची कुंपणं आजच्यापेक्षा बरीच सैल होती. त्यामुळे भारतात निळा एन्टोलोमा सापडतो हे मी मान्य करते. तो न्यूझीलंडचाच, हे मी फोटोवरून कधीच मान्य करणार नाही. त्यासाठी जपून ठेवलेला नमुना, बीजाणूंची मापं आणि डीएनए हवा. सह्याद्रीत किंवा आणखी कुठे निळी दिसली तर ‘एन्टोलोमा, हॉख्स्टेटरीसारखी’ असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. उलट ती नवीनच प्रजाती निघाली तर तिला परकं नाव चिकटवून आपणच तिला झाकून टाकलं असं व्हायला नको.

आणि ‘दुर्मिळ’ हा शब्द. न्यूझीलंडमध्ये ती तशी दुर्मिळ नाही, योग्य जंगलात बऱ्यापैकी आढळते. पण जानेवारी ते जुलै एवढ्याच काळात उगवते आणि चार-आठ दिवसांत विरून जाते. शिवाय एवढीशी, घोट्याच्या उंचीवर, आणि जंगलात माणसं वर झाडांकडे बघत चालतात. मी एकाच पायवाटेवर सलग तीन वर्षं एप्रिलमध्ये गेले आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतले. चौथ्या वर्षी त्याच वाटेच्या पहिल्या वळणावर चौदा मोजल्या. जमिनीखालचं तंतूंचं जाळं तिथे आधीही असणार. पाऊस किती, तापमान कधी उतरलं, आधीचा उन्हाळा किती कोरडा, या सगळ्यावर ते अवलंबून. तुम्हाला पहिल्याच फेरीत दिसली यात नशिबाचा वाटा मोठा आहे, पण मुलगी बरोबर होती हेही कारण असेल. मुलांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात, माझ्या कितीतरी चांगल्या नोंदी दुसऱ्यांच्या मुलांनी दाखवलेल्या आहेत.

तर तुमच्या पहिल्या दोन फोटोंत माझ्या बाजूने काय काय जुळतं: शंकूसारखी टोपी, आत वळलेली कड, तंतूंच्या रेघा, टोपीच्याच रंगाचा देठ, बुडाशी पाचोळा, जंगल आणि महिना. जुळत नाही असं काहीच नाही. दिसत नाहीत त्या पात्या.

दुसऱ्या फोटोची मूळ, न कापलेली प्रत फोनमध्ये असेल तर तेवढी पाठवा. उजव्या कडेला नेच्याच्या पानाआड आणखी एक टोपी अर्धवट दिसतेय, एका बाजूला कलंडलेली आणि रंग उडालेली. फोटो कापताना ती बहुधा निम्मी गेली. तिच्या खालच्या बाजूला गुलाबी छटा दिसली, तर ‘जवळजवळ’ हा शब्द मी काढून टाकेन.